रातव्याला भरवताना

नवरात्रातील दुसऱ्या माळेची रात्र होती. पहिन्याजवळच्या एका पाड्यावर राहणाऱ्या परिचितांकडे दिवसभर थांबून मी आणि माझे यजमान त्र्यंबकेश्वरमार्गे नाशिकला परतत होतो. द्वितीयेची चंद्रकोर केव्हाच मावळली होती आणि ब्रह्मगिरीच्या बाजूचा डोंगर अंधारात ओळखूही येत नव्हता. पुढच्या वाहनाचे मागचे दिवे वळणाआड गेले आणि आमच्या दिव्यांच्या झोतात, रस्त्याच्या मधोमध, वाळक्या पानांचा ढीग पडावा तसे काहीतरी दिसले. त्या ढिगात निखाऱ्यासारखा एक लाल ठिपका चमकला नसता, तर आम्ही पाचोळा समजून तो ओलांडून गेलो असतो. यजमानांनी गाडी कडेला घेतली. रस्त्यावर एक रातवा, म्हणजे रात्री उडते किडे टिपणारा पक्षी, बसला होता. त्याचा उजवा पंख अंगाशी मिटलेला होता, डावा डांबरावर पसरलेला होता आणि मी अगदी जवळ जाऊन वाकले तरी तो उडाला नाही.

रातवे रस्त्यावर का बसतात, हे मला ठाऊक होते. दिवसभर तापलेले डांबर रात्रीही बराच वेळ ऊबदार राहते, रस्त्याच्या वर झाडांच्या फांद्यांत मोकळी फट असते आणि त्या फटीतून दिसणाऱ्या आकाशाच्या फिक्या पट्ट्यावर उडणारा किडा खालून स्पष्ट दिसतो. पक्षी बसल्या जागेवरून उसळी घेतो, किडा तोंडात घेतो आणि पुन्हा तेथेच येऊन टेकतो. जंगलातील पायवाटेवर हजारो वर्षे उपयोगी पडलेली ही सवय रस्त्यावर जीवघेणी ठरते, कारण दिव्यांनी दिपलेला रातवा अखेरच्या क्षणापर्यंत हलत नाही. पावसाळ्यात पहिन्याच्या धबधब्यांसाठी येणारी वाहने आता वर्षभर येतात, रात्रीही येतात, आणि वळणावर वेग कमी करण्याचे कारण त्यांतल्या फार थोड्या जणांना माहीत असते.

मी गेली काही वर्षे नाशिकमध्ये जखमी पक्ष्यांच्या बचावकार्यात स्वयंसेवक म्हणून काम करते. संक्रांतीच्या सुमारास मांजाने कापलेल्या घारी, उन्हाळ्यात पाण्यावाचून कोसळलेले शिक्रे आणि जुन्या वाड्यांच्या पाडकामात उघड्यावर पडलेली गव्हाणी घुबडांची पिले मी हाताळली होती. रातवा मात्र प्रथमच हातात येत होता. ओढणी हलकेच त्याच्यावर टाकून मी तो उचलला, तेव्हा सर्वांत आधी जाणवला तो त्याचा नसल्यासारखा भार. दिसायला तो कबुतराच्या आसपास वाटतो, पण ते सारे पिसांचे असते. गाडीत नेहमी ठेवलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात त्याला ठेवून मी वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवले. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे असा पक्षी आपल्या मर्जीने घरी ठेवता येत नाही, तो जखमी असला तरीही नाही, आणि हा नियम योग्य आहे, हे मी अनेकांना समजावून सांगत आले आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी वनविभागाच्या माध्यमातून पशुवैद्यकीय डॉक्टरांनी त्याची तपासणी केली. एक्स-रेमध्ये हाड मोडलेले आढळले नाही. डाव्या खांद्याला जोराचा मुका मार होता, सूज होती आणि धडकेमुळे तो थोडा सुन्न होता. त्यांनी पंख उलगडून दाखवला. बाहेरच्या पिसांवर पांढरे ठिपके होते आणि शेपटीच्या, मधली जोडी सोडून, बाकीच्या पिसांच्या टोकांशीही पांढरा रंग होता. रंग करडा, गडद रेघांनी भरलेला होता. मैदानी, विरळ झुडपांच्या भागात आपल्याकडे सर्रास दिसणारा भारतीय रातवा याहून लहान आणि वाळूच्या रंगाकडे झुकणारा असतो, शिवाय त्याच्या मानेवर पिवळसर पट्टा असतो. आमच्याकडे आलेला पक्षी जंगली रातव्याचा नर होता. शास्त्रीय नाव कॅप्रिमल्गस इंडिकस. सह्याद्रीच्या झाडीच्या उतारांवर राहणारी ही जात असून, विणीच्या दिवसांत तिचा ‘चक्-चक्-चक्’ असा एकसुरी आवाज संध्याकाळनंतर डोंगरात लाकूड तोडल्यासारखा ऐकू येतो.

“आठवडाभर पंखाला पूर्ण विश्रांती द्या, त्यानंतर पाहू. पण ताई, खरे काम पंखाचे नाही, याच्या तोंडाचे आहे. हा स्वतःहून काहीही खाणार नाही,” असे डॉक्टर म्हणाले. रात्रीतून चार वेळा भरवावे लागणार होते आणि तेवढी रात्रपाळी करणारे माणूस त्या वेळी दुसरे उपलब्ध नव्हते, म्हणून लेखी नोंद करून, रोजचा अहवाल देण्याच्या अटीवर, पक्षी माझ्याकडे सोपवण्यात आला.

डॉक्टरांचे ते वाक्य मी ऐकले होते, पण त्याचा पूर्ण अर्थ मला पहिल्या रात्री कळला नाही. माझा सारा अनुभव घुबडांचा होता. घुबडासमोर मांसाचा तुकडा ठेवला तर ते पहिल्या दिवशी फुगून बसते, दुसऱ्या दिवशी भुकेने तो ओढते. त्याच हिशेबाने मी खोक्यात एका उथळ ताटलीत पंधरा मीलवर्म अळ्या आणि शेजारी पाण्याची वाटी ठेवली. मध्यरात्री पाहिले तर अळ्या ताटलीतून निघून कापडाखाली गेल्या होत्या, पाणी तसेच होते आणि रातवा एका कोपऱ्यात डोळे मिटून बसला होता. एक अळी त्याच्या पायावरून सरकत गेली, तरी त्याने तिच्याकडे पाहिले नाही.

त्याने पाहावे अशी अपेक्षाच चुकीची होती. घुबडाजवळ भक्ष्य धरून ठेवणारे पंजे असतात आणि ते फाडणारी बाकदार चोच असते. रातव्याजवळ यांपैकी काहीही नाही. त्याचे पाय इतके आखूड आणि दुबळे असतात की तो जमिनीवर नीट चालतही नाही, फांदीवर बसला तर आडवा न बसता फांदीच्या लांबीला धरून बसतो. बाहेरून दिसणारी चोच ज्वारीच्या दाण्याएवढी असते, परंतु तोंड उघडले की ते डोळ्यांच्या मागपर्यंत फाटते आणि दोन्ही बाजूंना ताठ मिशांसारखी राठ पिसे असतात. उडत्या पतंगावर, भुंग्यावर किंवा वाळवीच्या पाखरावर हे उघडे तोंड झडप घालते आणि किडा अख्खाच्या अख्खा गिळला जातो. पाणीसुद्धा तो उडता उडता, डबक्यावर खाली येऊन, तोंड बुडवून पितो. थोडक्यात, ताटलीत पडलेली अळी ही त्याच्या लेखी अन्न नव्हती आणि वाटीतले पाणी हे पाणी नव्हते. अन्न म्हणजे आकाशापुढे हलणारी आकृती, हे त्याच्या साऱ्या शरीराने ठरवून ठेवले होते, आणि माझ्या खोक्यात आकाश नव्हते.

सकाळी डॉक्टरांनी भरवण्याची पद्धत प्रत्यक्ष दाखवली. पक्षी जुन्या सुती कापडात सैलसर गुंडाळायचा, पण छातीवर दाब येऊ द्यायचा नाही, कारण पक्ष्याची छाती हलली नाही तर त्याचा श्वास थांबतो. डाव्या हाताच्या अंगठ्याने आणि तर्जनीने डोके मागून स्थिर धरायचे. दुसऱ्या हाताच्या नखाने वरच्या आणि खालच्या चोचीमधील कडेला अगदी हलका आधार द्यायचा आणि तोंड उघडले की बोथट टोकाच्या प्लॅस्टिकच्या चिमट्याने किडा घशाच्या आत, जिभेच्या मागे ठेवायचा. जिभेच्या पुढे ठेवला तर तो झटक्याने बाहेर फेकला जातो. खालचा जबडा काडीसारखा नाजूक असतो, थोडी घाई झाली तरी मोडतो, आणि जबडा मोडलेल्या रातव्याला वाचवणे जवळजवळ अशक्य असते. हे ऐकल्यावर माझा हात थरथरू लागला, म्हणून त्या दिवशीचे पहिले तीन किडे डॉक्टरांनीच भरवले आणि चौथा मी भरवला.

त्यानंतर घरातील मागची खोली रातव्याची झाली. खिडक्यांना जाड चादरी लावल्या आणि दिव्याऐवजी लाल कागद गुंडाळलेली लहान विजेरी वापरली. रातव्याच्या डोळ्यांत दृष्टिपटलामागे प्रकाश परतवणारा थर असतो. रस्त्यावर जो निखारा चमकला, तो त्याच थरातून परतलेला प्रकाश होता. चांदण्याच्या उजेडात किडा टिपणाऱ्या अशा डोळ्यांवर पांढऱ्या विजेचा झोत टाकणे मला क्रूर वाटत असे. खोक्यात मी सुरुवातीला टर्किश टॉवेल घातला होता, पण त्याच्या धाग्यांच्या फासात नख अडकलेले पाहून तो काढला आणि जुन्या सुती साडीचा तुकडा घडी करून पसरला. त्याच्या पायाच्या मधल्या बोटाचे नख मी तेव्हा भिंगातून पाहिले. त्याच्या आतल्या कडेला खरोखरीचे फणीसारखे दाते असतात. पुढे एका रात्री भरवून झाल्यावर तो ते नख गालावरच्या मिशांमधून ओढताना दिसला. पतंगाच्या पंखांची पूड त्या केसांत अडकली होती. किती वेळ मी अंधारात ते पाहत बसले, याची नोंद केलेली नाही.

तिसऱ्या दिवसापर्यंत काम जमले आहे असे मला वाटू लागले. संध्याकाळी दिवेलागणीला, रात्री नऊला, बाराला आणि पहाटे साडेचारला मी प्रत्येक वेळी सात ते आठ किडे भरवत होते आणि वहीत त्यांची संख्या लिहीत होते. पाचव्या माळेच्या पहाटे मी खोके उघडले तेव्हा रातवा पिसे फुलवून, मान खांद्यांत रुतवून बसला होता. हात लावला तर अंग थंड लागले. त्याने डोळा उघडला नाही. श्वास चालू होता, पण तो मोजण्यासाठी बराच वेळ थांबावे लागत होते.

रातव्यांच्या कुळातील काही पक्षी थंडीत किंवा उपासमारीत शरीराचे तापमान खूप खाली आणून निपचित पडून राहतात, हे मी वाचले होते. अमेरिकेतील पुअरविल हा रातव्याचा नातेवाईक तर आठवडेच्या आठवडे असा राहू शकतो. कॅलिफोर्नियातील वाळवंटी डोंगरात एका खडकाच्या कपारीत असा पक्षी १९४६ साली एडमंड येगर यांना सापडला आणि पक्षीही दीर्घ निद्रा घेतात हे विज्ञानाने मान्य केले. अॅरिझोनातील होपी लोकांच्या भाषेत मात्र त्या पक्ष्याचे नावच ‘निजणारा’ असे होते. हे सारे त्या पहाटे डोक्यात आले, पण त्याचा आधार घेऊन स्वस्थ बसणे शक्य नव्हते. मी डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “वजन किती आहे?”

माझ्याकडे किड्यांची संख्या होती, वजन नव्हते. तपासणीच्या दिवशी ते ६१ ग्रॅम होते. स्वयंपाकघरातील ग्रॅमचा काटा आणून त्या पहाटे वजन केले, तर ते ५६ भरले. वाटीभर पक्ष्याचे पाच ग्रॅम जाणे म्हणजे काय, हे सांगायला डॉक्टरांची गरज नव्हती. मी भरवत होते ते किडे मोजायला पुरेसे होते, जगायला पुरेसे नव्हते. जंगलात रातवा एका रात्रीत किती पतंग आणि भुंगे पोटात घालतो, याचा अंदाज मी माझ्या चिमट्यावरून बांधला होता. डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे आधी ऊब दिली. कोमट पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवल्या, म्हणजे नको असल्यास त्याला दूर सरकता येईल. थंड पडलेल्या पक्ष्याच्या पोटात अन्न घातले तर ते पचत नाही, म्हणून अंग पुन्हा ऊबदार लागेपर्यंत काहीही दिले नाही. दीड तासाने त्याने डोळा उघडला. मग ओलसर केलेली एक अळी, थोड्या वेळाने दुसरी. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी सहा वाजता, पहिल्या भरवणीच्या आधी, वजन होऊ लागले आणि किड्यांची संख्या जवळपास दुप्पट झाली. पाणी वेगळे पाजायचे नसे. प्रत्येक किडा पाण्यात बुडवून द्यायचा, त्यातूनच ते पोटात जाई.

आता प्रश्न किड्यांचा होता. शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानात मीलवर्म मिळत होते, पण केवळ त्यांच्यावर कोणताही कीटकभक्षी पक्षी धड राहत नाही. त्यांत कॅल्शियम फार कमी असते, त्यामुळे त्यांच्यावर कॅल्शियमची पूड लावावी लागे. रातकिडे आणि पतंग हवे होते. दिंडोरीकडे द्राक्षबाग असलेल्या एका परिचितांनी आपुलकीने बरणीभर किडे पाठवले. बागेतील खोलीच्या दिव्याखाली त्यांनी ते स्वतः गोळा केले होते. मला ते परत करावे लागले. ऑक्टोबर छाटणी नुकतीच झालेली होती आणि छाटणीनंतरच्या कोवळ्या फुटीवर डाऊनी या रोगासाठी आणि किडींसाठी दिवसाआड फवारण्या होतात, हे नाशिकमध्ये कोणालाही सांगावे लागत नाही. फवारणीतून वाचलेला किडा रातव्याच्या पोटात गेला तर तो विषाचा थेंबच. त्यांनी ते समजून घेतले, मात्र फोन ठेवण्यापूर्वी ते म्हणाले, “म्हणजे आमच्या बागेवर येणारे पक्षी रोज हेच खात असतील की!” त्या वाक्यावर मला काही बोलता आले नाही. द्राक्षावर ज्यांचे घर चालते त्यांना फवारणी थांबवा असे सांगणे सोपे नाही आणि मी सांगितलेही नाही. पण त्यानंतर प्रत्येक बरणी उघडताना ते वाक्य आठवत राहिले.

अखेर गंगापूर रोडवरील आमच्या इमारतीच्या गच्चीवर पांढरी चादर बांधून तिच्यामागे दिवा लावला. तीन रात्री मिळून सतरा लहान पतंग आले. शहरात रात्रभर इतके दिवे असतात की एका चादरीकडे कोणता किडा येणार? मग तीच चादर आणि बॅटरीवरचा दिवा घेऊन आम्ही एक दिवसाआड अंजनेरीच्या पायथ्याजवळ, बागायतीपासून दूर जाऊ लागलो. तेथे अर्ध्या तासात चादर भरून जाई. रातकिड्यांचे काटेरी मागचे पाय काढून टाकावे लागत आणि मोठ्या भुंग्यांचे कठीण पंख टाळावे लागत. शेजारच्या काकूंनी आधी “घरात असला रात्रीचा पक्षी, तोही नवरात्रात, बरा नव्हे हो” असे सांगितले होते. पण सहाव्या की सातव्या माळेला त्याच काकू एका डबीत, झाकणाला भोके पाडून, आपल्या गॅलरीतले तीन पतंग घेऊन आल्या आणि खोलीच्या दारातूनच देऊन गेल्या.

रातव्याच्या बसण्याबद्दलही मला काही शिकावे लागले. सुरुवातीला मी त्याच्या खोक्यात दुसरे लहान, अंधारे खोके ठेवले होते. लपायला ढोलीसारखी जागा मिळाली तर तो शांत होईल, अशी माझी समजूत होती. तो त्यात कधीच गेला नाही, ढकलून ठेवला तर अस्वस्थ होऊन मागे मागे सरके. या गोंधळाचे मूळ मी पूर्वी वाचलेल्या एका दूरच्या पक्ष्यात होते. न्यू गिनीच्या डोंगरी अरण्यांत एगोथेलिस आल्बर्टिसी नावाचा एक लहानसा निशाचर पक्षी राहतो. १८७४ साली पक्षीशास्त्रज्ञ स्क्लेटर यांनी त्याचे वर्णन केले आणि इटालियन शोधप्रवासी लुइजी मारिया द’आल्बेर्तिस यांच्या नावावरून त्याचे नाव ठेवले. त्याच्या कुळाला इंग्रजीत घुबड आणि रातवा या दोघांची नावे जोडून ओळखतात, कारण तो दोघांच्या मधला दिसतो. तोंड रातव्यासारखे रुंद, त्याभोवती तशाच मिशा, मात्र डोळे घुबडासारखे पुढे रोखलेले आणि बसणे ताठ, फांदीला आडवे. या कुळातील पक्षी दिवसा बहुधा झाडाच्या ढोलीत विश्रांती घेतात आणि अंडीही ढोलीत घालतात. जनुकांच्या अभ्यासातून तर असे दिसले आहे की हे कुळ रातव्यांपेक्षा पाकोळ्या आणि हमिंगबर्ड यांना अधिक जवळचे आहे. किडे खाणारे दोन निशाचर पक्षी इतके सारखे दिसतात, आणि तरीही एक लपण्यासाठी भोक शोधतो तर दुसरा उघड्यावर बसून आपल्या रंगावर विसंबतो. रातवा घरटे बांधत नाही. उघड्या जमिनीवर, पाचोळ्यात, बहुधा दोन अंडी असतात आणि पाऊल पडेपर्यंत बसलेला पक्षी हलत नाही. वणव्याच्या दिवसांत आपल्याकडच्या डोंगरउतारांवर त्या दोन अंड्यांचे काय होत असेल, हा विचार मी एप्रिल-मे महिन्यांत नेहमी करते.

तेव्हा ढोली काढून टाकली. पहिन्याच्या रस्त्याकडेची साग आणि ऐनाची वाळकी पाने दोन दिवस कडक उन्हात वाळवून, झटकून, कापडावर पसरली. रातवा त्या पानांवर ठेवला. त्याने अंग दोन-तीन वेळा डुलवले, जणू खाली जागा चाचपत होता, मान खाली घेतली, डोळे रेघेएवढे मिटले आणि तो दिसेनासा झाला. खोक्यात आहे हे माहीत असूनही माझ्या डोळ्यांना तो पानांतून वेगळा काढता येईना. त्या रात्री पकडायला हात घातल्यावर झालेली त्याची धडपडही कमी होती. वजन ५९ ग्रॅम झाले होते.

आठव्या माळेला, म्हणजे अष्टमीच्या रात्री, एक मोठा बदल झाला. रातव्याला धोका वाटला की तो पंख किंचित पसरून, तोंड पूर्ण उघडून, फुस्स असा आवाज करतो. एवढ्याशा पक्ष्याच्या चेहऱ्यावर अचानक गुलाबी गुहा उघडते आणि शत्रू दचकतो. आतापर्यंत तो माझ्याविरुद्ध असा आवाज करी आणि मी तो शांत होईपर्यंत थांबत असे. त्या रात्री डॉक्टरांनी सुचवल्याप्रमाणे मी थांबले नाही. तोंड उघडताच, त्याला कापडात न गुंडाळता, ओला पतंग आत ठेवला. तोंड मिटले आणि घास गेला. पुन्हा फुस्स, पुन्हा पतंग. चोच उकलण्याची, जबड्याला हात लावण्याचीच गरज उरली नाही. दोन रात्रींनी चिमट्याचे टोक मिशांना लागताच तो आवाज न करता तोंड उघडू लागला. त्याला माझा लळा लागला असे मी म्हणणार नाही आणि तसे व्हावे अशी माझी इच्छाही नव्हती. त्याने मिशांना लागलेल्या स्पर्शाचा अर्थ किडा असा लावला, आणि तो अर्थ त्याच्या मिशांना आधीपासून ठाऊक असावा. मला मात्र पहाटे साडेचारला उठताना पोटात येणारा गोळा त्या दिवसापासून येईनासा झाला.

दसऱ्याच्या संध्याकाळी डॉक्टरांच्या सांगण्यावरून पहिली उड्डाणचाचणी घेतली. खोलीतील सामान काढले, खिडक्यांच्या आत मच्छरदाणीचे कापड ताणून लावले, जमिनीवर गाद्या पसरल्या आणि त्याला टेबलावर ठेवून मी कोपऱ्यात बसले. बाहेर सोने वाटायला आलेल्या मुलांचे आवाज येत होते. पाऊण तास तो हलला नाही. नंतर एकदम उठला, खोलीच्या मध्यापर्यंत गेला, डावीकडे कलला आणि गादीवर उतरला. पंखांचा आवाज मुळीच झाला नाही, इतकी त्याची पिसे मऊ असतात. दुसऱ्या संध्याकाळी त्याने खोलीला दोन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या संध्याकाळी मी चादरीवरून आणलेले जिवंत पतंग खोलीत सोडले आणि फिक्या पडद्यामागे मंद दिवा ठेवला. सुमारे वीस मिनिटांनी तो टेबलावरून उसळला, पडद्यासमोर हवेतच वळला आणि परत येऊन टेकला. मी खात्री करण्यासाठी पतंग मोजले. सोडलेल्या अकरांपैकी दहाच उरले होते.

वजन ७० ग्रॅमच्या वर गेल्यावर आणि डॉक्टरांनी दोन्ही पंख एकाच उंचीपर्यंत उचलले जात असल्याचे तपासल्यावर सोडण्याचा दिवस ठरला. सापडला त्याच परिसरात सोडायचा, पण रस्त्यापासून आत. दिवस मी त्रयोदशीचा मागून घेतला. रातवे उजेड असलेल्या रात्री अधिक वेळ शिकार करू शकतात. अमावास्येच्या आसपास त्यांना फक्त संधिप्रकाशाचे दोन तुकडे मिळतात. कोजागिरीला दोनच दिवस राहिले असल्याने चंद्र सूर्यास्तापूर्वीच वर आलेला असणार होता, म्हणजे अकरा दिवस खोक्यात राहिलेल्या पक्ष्याला पहिली रात्र जवळजवळ संपूर्ण उजेडाची मिळणार होती. प्रत्यक्ष कोजागिरीला मात्र चांदण्यासाठी लोक डोंगरात येतात आणि रस्त्यावर गर्दी होते.

सोबत वनरक्षक दादा आणि पाड्यावरील एक वयस्कर शेळीपालक होते. खोके पाहून आजोबा म्हणाले, “हा तर आमच्या शेळ्यांच्या वाड्याभोवती फिरतो. तिन्हीसांजेला खाली खाली उडत असतो.” मला ते ऐकून फार आनंद झाला. रातव्याच्या प्रजातीचे कॅप्रिमल्गस हे लॅटिन नाव लिनिअसने १७५८ साली दिले, त्याचा अर्थ ‘शेळ्यांचे दूध काढणारा’ असा होतो. हा पक्षी रात्री शेळ्यांचे दूध पितो आणि त्यांना आंधळे करतो, अशी समजूत युरोपात अॅरिस्टॉटलच्या काळापासून नोंदलेली आहे. मी आजोबांना विचारले, तो शेळ्यांपाशी कशाला येतो? त्यांनी क्षणभरही विचार न करता उत्तर दिले, “शेळ्यांवर चिलटं, माश्या असतात ना. ते खायला येतो.” बरोबर हेच उत्तर होते.

करवंदीच्या जाळ्यांपलीकडे, साग संपून खडकाळ सपाटी सुरू होते तेथे, एका उन्हाने तापलेल्या दगडावर मी त्याला ठेवले आणि आम्ही तिघेही दहा-बारा पावले मागे सरून बसलो. ब्रह्मगिरीचा कडा अजून तांबूस होता आणि चंद्र पूर्वेला वर आला होता. रातवा दगडावर बसला आणि दगडाचाच झाला. आजोबांनी एकदा मला हळूच विचारले, गेला का तो? तो गेला नव्हता. माझ्या घड्याळाप्रमाणे अकरा मिनिटे झाली. मग दगडाची एक कड उचलली गेली, पांढरे ठिपके दोनदा चमकले आणि तो जमिनीला लागून, जाळ्यांच्या उंचीने, उताराकडे गेला. तेथे आकाश मोकळे होते. त्या फिक्या पट्ट्यावर त्याची काळी आकृती सरळ जाता जाता एकदम वर उसळली, वळली आणि पुन्हा खाली आली. थोड्या अंतरावर तसेच पुन्हा झाले.

वनरक्षकांनी विजेरीच्या लाल उजेडात नोंदवहीचे पान भरले : जंगली रातवा, नर, प्रौढ, वजन ७१ ग्रॅम, सोडण्याची वेळ संध्याकाळी ६ वाजून ४० मिनिटे. मी सही केली. रात्रीच्या भरवणीसाठी सवयीने बरोबर घेतलेल्या डबीत चौदा रातकिडे शिल्लक होते. ते याच परिसरातून पकडलेले होते, म्हणून झाकण उघडून ते तेथेच गवतात सोडले.